पावसाळाभर बंद राहिलेला गीझर थंडीआधी सुरू करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, ताई: घर डिचोली तालुक्यात, विहिरीचं पाणी पंपाने छतावरच्या टाकीत चढतं. न्हाणीत १५ लिटरचा सात वर्षं जुना गीझर आहे, छतावर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर. मे महिन्यापासून घर बंद होतं. आता सासूबाईंना घेऊन परत आलात, थंडी तोंडावर आली म्हणून गीझर लावला, तर पाणी तांबूस येतंय, त्याला कुजक्या अंड्याचा वास आहे, आणि नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. सोलरचं पाणी जेमतेम कोमट. काय काय दुरुस्त करून घ्यावं, की नवाच गीझर आणावा?

झिणझिण्यांचं आधी. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे नाही. गीझरचं नुसतं बटण बंद करून भागणार नाही, डीबीमधला (घरातल्या मुख्य स्विचपेटीतला) त्याचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा खटका, खाली पाडा. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं कितीतरी घरांत सापडतं. तिथे बटण बंद असलं तरी कॉइलपर्यंत वीज पोचलेलीच असते. सोलरच्या टाकीला विजेचा बॅकअप असेल तर तोही बंद करा. काम होईपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर पातेल्यात तापवा. बाजारातून बादलीत सोडायचा रॉड मात्र आणू नका. अर्थिंगचा भरवसा नसलेल्या घरात ओल्या फरशीवर उभं राहून तो रॉड वापरणं म्हणजे गीझरपेक्षा मोठा धोका घरात आणणं.

नळातून झिणझिण्या येतात तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. एक, कुठून तरी वीज गळतेय. दोन, ती गळती जमिनीत नेणारी अर्थिंगची वाट तुटलीय. दुसरी वाट धड असती तर पहिल्या बिघाडाने तुम्हाला झटका बसलाच नसता. फार तर एमसीबी किंवा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा खटका) ट्रिप होत राहिला असता. म्हणून नवा गीझर लावला, झिणझिण्या थांबल्या, सगळे खूश, असं झालं तर काम अर्धंच झालं समजा. अर्थिंग तुटलेलीच राहील, आणि पुढच्या वेळी गळती वॉशिंग मशीनमधून येईल.

गळती बहुधा कॉइलमधली असावी, कारण तुमचं घर पावसाळाभर बंद होतं. गीझरची कॉइल म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली तार. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ती कोरडी असली की वीज अडवते आणि उष्णता पुढे जाऊ देते, पण ओल ओढून घेते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खिडक्या बंद, भिंतींना बुरशी, कपाटातल्या चपला हिरव्या. त्या हवेत चार महिने कॉइल एकदाही तापली नाही तर टोकाकडच्या सीलमधून ओल आत शिरते. रोज वापरात असलेली कॉइल तापते तेव्हा ही ओल हाकलली जाते.

दुसरी शक्यता, नळीलाच बारीक भोक पडलंय आणि टाकीतलं पाणीच आत गेलंय. दोन्हींतला फरक मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, कळतो. इलेक्ट्रिशियनने कॉइलच्या वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन बघायचं. एक मेगओहमच्या वर असेल तर कॉइल ठीक. त्याखाली असेल आणि वाळवल्यावर वर चढत असेल तर नुसती ओल. शून्याशी चिकटून बसलं असेल तर भोक. सात वर्षांची कॉइल असेल तर मी वाळवत बसत नाही, सरळ बदलतो. फोनवर बोलवतानाच विचारा, "मेगर आहे ना?" नाही म्हणाला तर दुसरा बघा. टेस्टरचा दिवा पेटला की नाही एवढ्यावरून निकाल देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

एमसीबी पाडल्यावरही नळात वीज लागत असेल तर गळती दुसरीकडे आहे: विहिरीतला पंप, सोलरचा बॅकअप हीटर किंवा भिंतीत दबलेली एखादी वायर. हे पुन्हा हात लावून बघायचं नाही, मीटरने बघायचं.

आता अर्थिंग. डिचोली, सत्तरी, फोंडा, बहुतेक ठिकाणी खणलं की जांभा लागतो. पावसात हा दगड पाणी धरतो तेव्हा अर्थिंग बरी लागते. डिसेंबरपासून तो वाळत जातो आणि एप्रिल-मेपर्यंत खड्डा ठणठणीत कोरडा. म्हणजे ऑक्टोबरात तपासून "ओके" म्हटलेली अर्थिंग ऐन थंडीनंतर ओके राहीलच असं नाही. त्यात मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात मीठच जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं, आणि वर वायर जोडलेला नटबोल्ट तर चार पावसाळ्यांत गंजून मोकळा होतो. खड्ड्यावरचं झाकण काढून तो नटबोल्ट स्वतः बघा. निम्म्या घरांत रोग तिथेच सापडतो: वायर आहे, बोल्ट आहे, मध्ये गंजाची खपली. खरवडून, नवा बोल्ट घालून, वर ग्रीस लावून घ्या. अर्थ टेस्टरवर पाच ओहमच्या आसपास किंवा खाली यावं, असा माझा आग्रह असतो. जांभ्यात एका पाइपने ते जमत नसेल तर अंतर ठेवून दुसरा पाइप ठोकून दोन्ही जोडायचे. आणि जानेवारीपासून पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं. भांडी धुतलेलंही चालतं.

पूर्वी न्हाणीतले पाइप जीआयचे असत. जमिनीत पुरलेला तो लोखंडी पाइप नकळत अर्थिंगचं काम करून जायचा. नंतर दुरुस्तीत सगळीकडे सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप घातले गेले, पाणी स्वच्छ झालं, पण ती आयती वाट गेली. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत नळकाम नवं केलं असेल आणि झिणझिण्या त्यानंतरच्या असतील तर इलेक्ट्रिशियनला हे आवर्जून सांगा.

आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा. अजूनही पुष्कळ जण त्याला ईएलसीबी म्हणतात. का लागतो त्याचा हिशोब सोपा आहे. तुमच्या अर्थिंगचा रोध ५० ओहम झालाय असं धरा. गीझरच्या अंगाला फेज चिकटला तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास वीज जमिनीत जाईल. १६ किंवा २० अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होणार नाही. तो ढिम्म बसून राहील आणि गीझरच्या अंगावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे असतील. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरलाच, सेकंदाच्या अंशात तोडतो. बसवल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून ट्रिप झाला नाही तर तो नुसता शोभेचा.

हात लागलाच आहे तर गीझरचा प्लगही काढून बघा. २००० वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. पिनांवर हिरवट थर किंवा सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग म्हणजे तिथे संपर्क सैल आहे आणि गरम होतोय. सॉकेट १६ अँपिअरचं हवं, वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची. पाच अँपिअरच्या सॉकेटला अॅडाप्टर लावून चालवलेले गीझरही मी पाहिलेत.

पाण्याकडे येऊ. विहिरीचं पाणी तांबूस की गीझर तांबूस, हे आधी ठरवा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत थंड नळाचं, दुसरीत (वीज बंदच ठेवून) गरम नळाचं पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दोन्हींच्या तळाशी तांबूस साका असेल तर लोह विहिरीतलंच, किंवा टाकीत चार महिने साचलेला गाळ. छतावरची टाकी घासूनच पुढचं काम करा, नाहीतर तोच गाळ पुन्हा गीझरमध्ये येईल. फक्त गरम नळाची बाटली तांबडी असेल तर गीझरची टाकी आतून गंजतेय.

गीझरच्या बाबतीत लोक पुण्या-सोलापूरचे व्हिडिओ बघून क्षाराची धास्ती घेतात. त्या भागात पाणी जड, कॉइलवर पांढऱ्या थराचे कवच चढतं, हे खरंच. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि आंबटसर असतं. पिण्याच्या पाण्याचा पीएच भारतीय मानकाप्रमाणे ६.५ ते ८.५ असावा, जांभ्यातल्या विहिरी त्याच्याही खाली जाताना दिसतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने घरच्या घरी बघता येतं. असं पाणी थर चढवत नाही, उलट धातू खातं. तांब्याची टाकी किंवा पितळी फिटिंग असलेल्या घरात बेसिनला निळसर-हिरवे ओघळ दिसतात ते यामुळेच. ओपा, साळावली, अस्नोडा इथून येणारं नळाचं पाणीही नदीचं, मऊच. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलची गोष्ट वेगळी. तिथे क्षार आणि खारटपणा दोन्ही असतात, आणि खारटपणा स्टेनलेस स्टीलच्या टाकीलाही वेल्डिंगपाशी भोकं पाडतो.

म्हणून थंडीच्या तोंडावर दारात येणारं "वार्षिक डीस्केलिंग"चं पॅकेज डिचोलीसारख्या गावात घेऊ नका. अॅसिड घालून टाकी धुतली की नसलेला थर निघत नाही, असलेला मुलामा आणि दांडी मात्र झिजते.

ही दांडी म्हणजे आपल्याकडच्या गीझरचा जीव. बहुतेक गीझरची टाकी लोखंडी पत्र्याची आणि आतून काचेसारख्या मुलाम्याची असते. मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. तिथून पत्रा गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची दांडी सोडलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, म्हणजे पाणी आधी दांडी खातं आणि पत्रा वाचतो. दांडी संपली की पाळी पत्र्याची. आंबट पाण्यात ती भराभर संपते. गीझर लावल्यापासून तुमच्याकडे कोणी ती काढून पाहिली नसेल, तर आज आत दांडी उरलेली नसणार असं धरून चाला.

ती बघायची कशी, म्हणजे माणूस काम करताना तुम्हाला शेजारी उभं राहून कळेल. एमसीबी पाडायचा, प्लग काढायचा. पाणी गरम असेल तर निवू द्यायचं. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ उघडा ठेवायचा, कारण आत हवा शिरल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. मग खालून पाणी सोडायचं. खालचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर थर्मोस्टॅट आणि वायरी दिसतात. बंद घरात इथे मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, कुंभारमाशीचं मातीचं घर, काहीही निघतं. तेही एक गळतीचं कारण. वायरींचा फोटो काढून त्या सोडवायच्या, कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या चकतीचे नट काढायचे, की कॉइल आणि दांडी एकत्र खाली येतात. नवी दांडी बोटभर जाड, राखाडी, गुळगुळीत असते. निम्मी झिजली असेल तर खडबडीत, खड्डे पडलेली, पांढरी पूड सुटणारी. संपलेली असेल तर हातात फक्त मधली लोखंडी तार येते आणि टाकीतून पांढरट चिखल, कधी तांबडा. तार दिसली की दांडी बदला. खरं तर निम्म्यावर आली की बदलायला हवी. किंमत काही शे रुपये. चकतीचं रबरी गॅस्केट प्रत्येक वेळी नवंच घाला, जुनं पुन्हा दाबून बसवलं की महिन्याभरात झिरपतं आणि ते पाणी थेट वायरींवर पडतं.

झाकण उघडं आहे तोवर टॉर्च आत मारून बघा. मुलामा निळसर-काळा, चकचकीत दिसला तर टाकी चांगली. कुठेतरी तांबडे फोड आलेत तर टाकीचे दिवस भरत आलेत. पुन्हा बसवल्यावर गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत वीज लावायची नाही. रिकाम्या टाकीत लावली तर नवी कॉइल मिनिटाभरात जळते.

वास हा त्याच कहाणीचा भाग. महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्यात काही जिवाणू वाढतात, मॅग्नेशियमच्या दांडीमुळे त्यांचं आणखी फावतं, आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास तोच. टाकी धुऊन, कॉइल नवी बसवून आणि विजेचं काम पक्कं झाल्यावर थर्मोस्टॅट एकदा पूर्ण वर नेऊन दोन-तीन तास पाणी कडक तापवा, मग ते सगळं सोडून द्या. नळाखाली त्या वेळी कोणी नको. पुन्हा वास आला तर पुढची दांडी अॅल्युमिनियम-झिंकची मागवा. दांडीमुळे वास येतो म्हणून दांडीच काढून टाकणारे महाभाग आहेत. वास जातो आणि दोन-तीन वर्षांत टाकीही जाते.

थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला सेफ्टी व्हॉल्व्हही विसरू नका. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ पाव लिटरने फुगतं. तेवढं थेंब थेंब त्या व्हॉल्व्हमधून बाहेर येतं, ते यायलाच हवं. "गळतोय" म्हणून तिथे एमसील भरलेलं दिसलं तर ताबडतोब काढा. व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलून बघा, पाणी आलं पाहिजे. वर्षानुवर्षं न उचललेली असेल तर ती चिकटलेली असते. मग व्हॉल्व्हच बदला.

दुरुस्ती की नवा? टाकी झिरपत असेल किंवा आत तांबडे फोड असतील तर पैसे घालू नका, नवा घ्या. टाकी चांगली असेल तर कॉइल, दांडी, गॅस्केट, थर्मोस्टॅट एवढं नवं घालून हा गीझर आणखी काही वर्षं चालेल. नवा घ्यायचा ठरला तर १५ लिटरच पुरे. ६० अंशांचं १५ लिटर पाणी थंड पाण्यात मिसळलं की सोसवेल असं सुमारे ३० लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. ते तापवायला २००० वॉटच्या कॉइलला वीस मिनिटं लागतात आणि युनिट जातं पाऊणहून थोडं कमी. २५ लिटरचा आणला तर तेवढ्याच आंघोळीला जास्त पाणी तापवाल. आयएस २०८२ चा शिक्का आणि २४ तासांत किती वीज वाया जाते ते सांगणारं स्टार लेबल बघा, आणि दुकानदाराला विचारा की दांडी वेगळी मिळते का. मिळत नसेल तर तो ब्रँड आपल्या पाण्याच्या कामाचा नाही.

सोलर. कोमट पाण्याची कारणं एकामागून एक तपासायची, आणि पहिली तपासणी फुकट आहे. उन्हाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता छतावर जाऊन टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावा. तिथे चटका बसत असेल आणि न्हाणीत कोमट येत असेल तर सोलर निर्दोष आहे. मग दोष पाइपचा: वरचं काळं फोम उन्हाने आणि कावळ्यांनी फाडलेलं असतं, किंवा एखाद्या मिक्सर नळात गरम आणि थंड दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढे हँडशॉवरचं बटण बंद केलेलं असतं. मग थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आणि घरभर सगळं कोमट. लांब पाइपातलं आधीचं थंड पाणीही लक्षात घ्या. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला पाव लिटर बसतं, बारा मीटर पाइप असेल तर पहिले तीन लिटर थंड येणारच. ते बादलीत धरून ठेवा.

टाकीपाशीच कोमट असेल तर ट्यूबा बघायच्या. पावसाने त्यांच्यावर शेवाळाचा पातळ थर येतो, नुसत्या पाण्याने निघत नाही, ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसावा लागतो. मग प्रत्येक ट्यूबचं खालचं टोक बघा. ते चंदेरी आरशासारखं हवं. दुधासारखं पांढरं झालं असेल तर त्या ट्यूबची निर्वात पोकळी गेली. ती आता उष्णता धरत नाही, बाहेर टाकते. तेवढीच बदला. तुमच्या विहिरीच्या पाण्याने ट्यूबांच्या तळाशी तांबडा गाळही बसला असणार. एक-दोन काढून बघितल्या की कळेल.

सावलीचं कारण मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा माड-फणसाची सावली छतावर पडत नाही. डिसेंबरात गोव्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवरच, तोही दक्षिणेला. सोलरपेक्षा दहा मीटर उंच असलेलं दक्षिणेकडचं झाड तेव्हा दुपारी आठ मीटर लांब सावली टाकतं, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. बंद घराभोवती एका पावसाळ्यात फांद्या किती फोफावतात ते तुम्ही बघितलंच असेल. फांदी छाटण्याआधी दुपारी बाराला एकदा नीट बघून घ्या, नाहीतर भलतीच छाटली जाते. जानेवारीत आंब्याचा मोहोर पडायला लागला की ट्यूबा पुन्हा पुसाव्या लागतील.

सोलरचं पाणी सोडून स्वच्छ करायचं असेल तर तासाची निवड महत्त्वाची. रिकाम्या ट्यूबा उन्हात प्रचंड तापतात. त्यांत थंड पाणी सोडलं की तडतड फुटतात. भरणं सकाळी ऊन यायच्या आत किंवा सूर्यास्तानंतर निवल्यावर. दिवसा करावंच लागलं तर आधीपासून ताडपत्री झाकून ठेवा. आणि पाणी सोडण्याआधी वरचा हवेचा पाइप उघडा आहे ना बघा. त्यात कुंभारमाशीने घर केलं असेल तर टाकी रिकामी होताना आत हवा शिरत नाही आणि पत्रा चेपतो. सोलरच्या टाकीतही मॅग्नेशियमची दांडी असते बरं का, ती तर कुणीच बघत नाही.

गॅस गीझर हा पर्याय कोणी सुचवेल, कारण त्यात झिणझिण्या नाहीत. न्हाणीच्या आत तो बसवायचा असेल तर माझं उत्तर नाही. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळ करणारा माणूस शुद्ध हरपून पडतो. बाहेर भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवून फक्त पाइप आत आणणार असाल तर चालेल. तुमच्या घरात जुनं तांब्याचं भाण चुलीवर बसवलेलं असेल तर ते मोडीत काढू नका. बाहेरची काजळी खरवडा, धुराची वाट मोकळी करा, नारळाची सोडणं-करवंट्या पावसाआधीच्या कोरड्या असतील तर उत्तमच. वीज गेली की तेच उपयोगी पडतं.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. थर्मोस्टॅट ६० वर ठेवा. त्याखाली टाकीत जिवाणू वाढतात, वर नेलं तर वीज आणि दांडी दोन्ही जास्त झिजतात. पण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं, तेव्हा बादलीत आधी थंड, मग गरम. आणि रात्री पाय गार पडतात म्हणून खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून दार लावायची आपल्याकडे जी सवय आहे, ती नको. तिथेही तोच कार्बन मोनॉक्साइड. डिचोली-सत्तरीत पौषाच्या पहाटे पणजीपेक्षा गारठा जास्त असतो हे मान्य, पण त्याला पायमोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी पुरते. पिशवीत उकळतं पाणी भरू नका आणि ती टॉवेलात गुंडाळून द्या.

कामं या क्रमाने करून घ्या: अर्थिंग आणि आरसीसीबी, मग छतावरची टाकी, मग गीझर, शेवटी सोलर. दिवाळीच्या आधी उरकता आलं तर बघा. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी अख्ख्या तालुक्याला अभ्यंगस्नानासाठी गीझर आठवतो आणि एकही इलेक्ट्रिशियन हाताला लागत नाही. परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा, डिजिटल डिस्प्लेचा नवा गीझर घेतलात तर विशेषच.

पुढच्या पावसाळ्यात घरी असाल तर आठवड्यातून एकदा गीझर लावून पाणी पूर्ण तापवा आणि वापरून टाका, म्हणजे कॉइल कोरडी राहील. पुन्हा घर बंद ठेवणार असाल तर जाताना एमसीबी पाडा, छतावरचा व्हॉल्व्ह बंद करा, टाकी रिकामी करून जा, आणि किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना सांगून ठेवा की टाकी भरल्याशिवाय एमसीबी वर करायचा नाही.